फ्यूज उडाला, आता कोणाची वाट पाहायची?

मे महिन्यातली रात्र. नांदेडचा उन्हाळा तुम्हाला वेगळा सांगायला नको. साडेनऊला कूलर एकदम थांबला, घरभर अंधार. समोरच्यांकडे मात्र लख्ख उजेड. म्हणजे लाईट गेली नव्हती, आमचाच फ्यूज उडाला होता. हे कामानिमित्त परभणीला. सासूबाई पदराने वारा घेत बसलेल्या, मुलं घामाघूम. आणि मी, बी.ए. झालेली, चार बायकांना बँकेचे फॉर्म भरायला शिकवणारी, शेजारच्या भाऊजींची वाट पाहत दीड तास ओट्यावर बसून राहिले!

भाऊजी आले. जुन्या वायरीतली तांब्याची तार काढून, तिपदरी पीळ देऊन बसवली. "वहिनी, आता वर्षभर जात नाही बघा." खरंच गेला नाही. पंधरा दिवसांनी कूलरच्या बोर्डामागून जळका वास आला, भिंत काळी पडली, आतल्या वायरी वितळून एकमेकींना चिकटल्या. दिवसाची वेळ होती म्हणून निभावलं. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

भाऊजींचा काय दोष? त्यांनी भल्यासाठीच केलं. फ्यूज सारखा जातो म्हणून आपण त्याला नावं ठेवतो, पण जाणं हेच तर त्याचं काम. वायरीला झेपणार नाही इतका करंट वाहू लागला की ती बारीक तार आधी वितळते आणि भिंतीतली वायर वाचते. जाड तार टाकली की तार शाबूत, घर जळतं.

पुढच्या बचत गटाच्या बैठकीत मी चिनी मातीची फ्यूजची ग्रिप पिशवीत घालून नेली. आमच्याकडे जुन्या घरांत, भाड्याच्या खोल्यांत अजून हेच फ्यूज आहेत. एकीलाही तार बदलता येत नव्हती. एक काकू तर म्हणाल्या, "ताई, घरात गडीमाणूस असताना बाईनं कशाला बोर्डाला हात लावायचा?" मी म्हटलं, काकू, गडीमाणूस घरात असतो किती वेळ? आणि त्याला तरी कोणी शिकवलंय? भीती वाटते ते चांगलंच आहे, ती राहू द्या. पण भीतीपोटी अडाणी का राहायचं?

काम तसं अवघड नाही. आधी मेन स्विच बंद. हात कोरडे, पायात रबरी चप्पल, खाली लाकडी पाट घेतला तर उत्तमच. अंधारात चाचपडायचं नाही, बॅटरी दुसऱ्या कोणाला धरायला सांगायची. मग ग्रिप सरळ ओढून काढायची. मेन बंद असला तरी मीटरकडून मेनपर्यंत आलेल्या वायरीत करंट असतोच, म्हणून पेटीच्या आत बोट घालायचं नाही. जुन्या पेटीत कधी कधी दोन्ही वायरींवर फ्यूज असतात. त्यातला न्यूट्रलचा गेला तर घर अंधारात, पण वायरी जिवंत! म्हणून 'लाईट नाही, म्हणजे करंट नाही' असं कधीच समजू नका.

तार नुसती मधे तुटलेली असेल तर बहुतेक वेळा लोड जास्त झालेला असतो. ग्रिप काळी पडली असेल, तार उडूनच गेली असेल तर शॉर्ट सर्किट समजा. दुकानात फ्यूज वायर मागताना किती अँपिअरची ते सांगायचं: लाईटला बहुधा ५, पॉवरला १५. आपल्या बोर्डाला नेमकी कोणती ते वायरमनला एकदा विचारून पेटीवर लिहून ठेवा. एक हजार वॅटची इस्त्री चारएक अँपिअर ओढते, दोन हजारांचा गीझर नऊच्या आसपास. लाईटच्या फ्यूजवर गीझर लावला तर तो आज ना उद्या जाणारच.

तार बसवली की सगळे प्लग काढायचे, मग मेन चालू करायचा आणि एकेक वस्तू लावत जायची. ज्या वस्तूला फ्यूज गेला, ती गुन्हेगार. काही न लावताच पुन्हा गेला तर मात्र आपलं काम संपलं, वायरमनला बोलवा. मीटरच्या अलीकडचं आपलं, पलीकडचं महावितरणचं. तक्रारीसाठी १९१२. खेड्यांत माणसं काठीने डीपीवरचे फ्यूज टाकतात, त्यातून जीव जातात. तिथे ना आपण जायचं, ना घरच्यांना जाऊ द्यायचं.

आणखी एक, जे मलाही उशिरा कळलं. फ्यूज वायर वाचवतो, माणूस नाही. पाच अँपिअरचा फ्यूज जायच्या कितीतरी आधी, त्याच्या शंभराव्या हिश्श्याच्या करंटनेही जीव जाऊ शकतो. कूलरमध्ये पाणी भरताना शॉक बसून बायका-मुलं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. तेव्हा प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका, अर्थिंग तपासून घ्या, आणि जमेल तेव्हा एमसीबीसोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. घरमालक नाही म्हणेल, त्याच्या मागे लागा. आमचं वायरिंग जळलं तेव्हा जो खर्च आला, त्याच्या मानाने हा काहीच नाही.

आमच्याकडे आता ते बसलंय. तरी सासूबाईंनी फ्यूज वायरचं कार्ड देवघराच्या फडताळात, काड्यापेटीशेजारी जपून ठेवलंय. परवा समोरच्यांकडे अंधार झाला तेव्हा त्यांनीच मला हाक मारली, "जा गं, त्यांना देऊन ये. आणि तूच बसवून दे, नाहीतर भाऊजी पुन्हा पीळ देतील."