तलावांच्या प्रदेशातील शहर

ओरगडम हे नाव महाराष्ट्रातील बहुतेक वाचकांना अपरिचित असेल. चेन्नईच्या नैर्ऋत्येस सुमारे 50 किलोमीटरांवर, कांचीपुरम जिल्ह्यात हे गाव आहे. (चेन्नईतच अंबत्तूरजवळ याच नावाची आणखी एक वस्ती आहे, ती वेगळी.) परंतु ज्यांनी पुण्याजवळचे चाकण पाहिले आहे, त्यांना ओरगडम समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. भाताची शेते, ताडाची झाडे आणि लहान लहान खेडी असलेल्या या भागात शासनाने औद्योगिक वसाहत आखली आणि थोड्याच वर्षांत त्याचे रूप पालटले. 2010 मध्ये रेनॉ-निस्सानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, 2012 मध्ये डेम्लरचा मालमोटारींचा, तर 2013 मध्ये रॉयल एनफील्डचा मोटारसायकलींचा. कारखान्यांमागोमाग सुटे भाग बनवणारे आले, गोदामे आली, रस्ते रुंद झाले, आणि बिहार, ओडिशा, झारखंड, आसाम अशा दूरदूरच्या राज्यांतून कामाच्या शोधात निघालेली तरुण माणसे आली. चेन्नई शहर आता या गावापर्यंत येऊन पोहोचले आहे, असे म्हटले तरी चालेल.

हे शहर ज्या जमिनीवर वाढत आहे, ती जमीन साधी नव्हे. चेंगलपट्टू आणि कांचीपुरम यांचा हा सारा मुलूख तमिळनाडूत तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. तमिळ भाषेत अशा तलावाला ‘एरी’ म्हणतात. जमिनीला अगदी सौम्य उतार आहे. त्या उतारावर चंद्रकोरीच्या आकाराची मातीची पाळ घालायची आणि पावसाचे पाणी अडवायचे, ही येथील जुनी रीत. एक तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पाणी खालच्या तलावात जाते, तो भरला की त्याच्या खालच्या तलावात. अशा रीतीने तलावांची साखळी तयार होते आणि अखेरचे पाणी ओढ्याला किंवा नदीला मिळते. येथे मुख्य पाऊस आपल्यासारखा जून ते सप्टेंबरमध्ये पडत नाही. तो ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात, परतीच्या वाऱ्यांबरोबर आणि बंगालच्या उपसागरातील वादळांबरोबर येतो. पुष्कळदा वर्षाचा निम्म्याहून अधिक पाऊस थोड्याच दिवसांत कोसळतो. अशा पावसाला थोपवून धरणे आणि तेच पाणी पुढच्या उन्हाळ्यासाठी राखणे, ही दोन्ही कामे तलावांची साखळी एकाच वेळी करीत असे. पूरनियंत्रण आणि पाणीपुरवठा ही दोन वेगळी खाती आहेत, हे तिला माहीत नव्हते.

या तलावांचे एक वैशिष्ट्य मात्र त्यांच्याच मुळावर आले. ते उथळ असतात. उन्हाळ्यात त्यांचे पात्र कोरडे पडते, तेथे गुरे चरतात, मुले क्रिकेट खेळतात. बाहेरून आलेल्या माणसाला ती पडीक जमीन वाटते. पाण्याकडे जाणारी चर तर त्याहूनही बिनमहत्त्वाची दिसते. तिच्यावर भराव टाकला तर कोणाचे काय जाणार, असे वाटते. शहर वाढू लागले की पहिली नजर अशा मोकळ्या जागेवर पडते. त्यातही तलाव बुजवला तर निदान तो डोळ्यांत भरतो. दोन तलावांमधली चर बुजवली तर वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षातही येत नाही. मग एका वर्षी मोठा पाऊस येतो आणि पाणी आपली जुनी वाट शोधू लागते.

2015 मध्ये तसे वर्ष आले. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यातच चेन्नईत 1,000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस झाला. तलाव तुडुंब भरले होते, जमीन पाणी पिऊन तृप्त झाली होती आणि 1 डिसेंबरला पुन्हा मुसळधार कोसळली. तांबरम येथे 24 तासांत सुमारे 490 मिलिमीटर पाऊस पडला. अड्यार ही जेमतेम 42 किलोमीटर लांबीची नदी ओरगडमपासून थोड्याच अंतरावर, मणिमंगलमच्या बाजूच्या तलावांतून उगम पावते आणि चेन्नई ओलांडून समुद्राला मिळते. तिच्या वरच्या भागातील तलावांचे पाणी वाहत होतेच. त्यात चेंबरंबाक्कम या मोठ्या जलाशयातून सोडलेल्या पाण्याची भर पडली. त्या रात्री हा विसर्ग सेकंदाला 29,000 घनफुटांपर्यंत वाढवण्यात आला. मुडिचूर, वरदराजपुरम यांसारख्या उपनगरांत घरांचे तळमजले बुडाले. विमानतळ 6 डिसेंबरपर्यंत बंद राहिला. त्याची दुसरी धावपट्टी अड्यार नदीवर पूल बांधून वाढवलेली आहे, ही गोष्ट त्या दिवसांत अनेकांना प्रथमच कळली. श्रीपेरुंबुदूर-ओरगडम पट्ट्यातील वाहनकारखान्यांचे काम थांबले. शेकडो माणसे प्राणाला मुकली.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा या पुरासंबंधीचा अहवाल 2018 मध्ये तमिळनाडू विधानसभेत मांडला गेला. त्यात या संकटाला मानवनिर्मित आपत्ती म्हटले आहे. जलाशयाचे पाणी केव्हा आणि किती सोडावे यात झालेल्या चुका त्यात दाखवल्या आहेत. वृत्तपत्रांतील चर्चा मुख्यतः त्या एका रात्रीभोवती फिरत राहिली. ती चर्चा आवश्यकच होती. तरीही माझ्या मते त्या रात्रीची चूक ही शेवटची चूक होती. तिच्या आधीच्या चुका वीस-पंचवीस वर्षे, दिवसाढवळ्या, नकाशे मंजूर करून आणि शिक्के मारून झालेल्या होत्या.

महाराष्ट्राने हा अनुभव दहा वर्षे आधीच घेतला होता. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याला 75 मिलिमीटरही झाला नाही. मिठी नदीला पूर आला, तेव्हा मुंबईला नदी आहे याचा अनेक मुंबईकरांना साक्षात्कार झाला! भराव, झोपड्या, कारखाने आणि विमानतळ यांनी तिचे पात्र आवळून टाकले होते. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संसदेने आपत्ती व्यवस्थापन कायदा केला. राष्ट्रीय प्राधिकरण, राज्य प्राधिकरणे, जिल्ह्यांचे आराखडे ही सारी रचना त्यातून उभी राहिली. बोटी, दोर, प्रशिक्षित जवान आता पूर्वीपेक्षा लवकर पोहोचतात, वादळाची सूचना आधी मिळते आणि त्यामुळे अनेक जीव वाचतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण बुडणाऱ्याला वर काढणे आणि माणूस बुडेल अशा जागी त्याला राहायला न लावणे, ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्या कामासाठी आपण कायदा केला आणि पैसा दिला. दुसरे काम जमिनीच्या किमतीशी निगडित असल्यामुळे तेथे आपला हात आखडतो.

ज्या चेन्नईने 2015 मध्ये पाण्याला तोंड दिले, त्याच चेन्नईचे चारही मुख्य जलाशय 2019 च्या उन्हाळ्यात जवळजवळ कोरडे पडले. त्या वर्षी 12 जुलैला जोलारपेट्टैहून 25 लाख लिटर पाणी घेऊन रेल्वेगाडी शहरात आली. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला गेलेली पाण्याची गाडी महाराष्ट्र विसरलेला नाही. पूर आणि टंचाई ही परस्परविरोधी संकटे वाटतात. प्रत्यक्षात ती एकाच कारणाची दोन फळे आहेत. पाणी थांबण्याची जागा गेली की पावसाळ्यात ते घरात शिरते आणि उन्हाळ्यात विहिरीत सापडत नाही. त्यानंतर शहरात पावसाळी गटारांवर मोठा खर्च झाला, पण डिसेंबर 2023 मधील मिचौंग वादळात वेळाचेरी, पळ्ळिकरणै हा दक्षिण चेन्नईचा भाग पुन्हा जलमय झाला. पळ्ळिकरणै ही मुळात दलदल आहे. आज ती तिच्या मूळ विस्ताराच्या लहानशा अंशाएवढी उरली आहे, आणि 2022 मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जाही मिळाला आहे. दलदलीचे पाणी गटाराने वाहून न्यायचे तर ते कोठे न्यायचे, हा प्रश्न अभियंत्यांनाही सुटण्यासारखा नाही.

या साऱ्याची झळ कोणाला बसते, याचाही विचार केला पाहिजे. ओरगडमसारख्या ठिकाणी आलेला कामगार प्रथम खोली शोधतो. ती स्वस्त हवी, कारखान्यापासून जवळ हवी. स्वस्त खोली बहुधा सखल भागात असते. ती स्वस्त असण्याचे कारणच ते असते, पण भाडेकरू फेब्रुवारीत आला असेल तर त्याला ते डिसेंबरपर्यंत कळत नाही. पाणी आले की गादी, शेगडी, सायकल जाते आणि त्यांबरोबर शिधापत्रिका, शाळेचा दाखला, बँकेचे पुस्तकही जाते. 2015 च्या पुरानंतर हरवलेली कागदपत्रे पुन्हा देण्यासाठी शासनाला खास शिबिरे भरवावी लागली, यावरून हे नुकसान केवढे असते याची कल्पना येईल. कारखान्याच्या यंत्रांचा विमा असतो. कामगाराच्या पत्र्याच्या पेटीचा नसतो. 2024 मध्ये जवळच्याच वल्लम वडगाल येथे 18,720 महिला कामगारांची सोय होईल असे मोठे वसतिगृह सुरू झाले. अशी पक्की निवाऱ्याची व्यवस्था हेसुद्धा आपत्ती व्यवस्थापनच आहे, मग त्या खात्याच्या हिशेबात ते धरले जावो वा न जावो.

याउलट एक उदाहरण मनाला टोचते. अड्यार आणि कूवम या नद्यांच्या काठी राहणाऱ्या हजारो गरीब कुटुंबांना पुराचा धोका दाखवून तेथून हलवण्यात आले. त्यांतील बऱ्याच जणांना शहराच्या दक्षिणेस पेरुंबाक्कम येथील बहुमजली इमारतींत घरे देण्यात आली. पेरुंबाक्कम हे पळ्ळिकरणैच्या त्याच दलदलीलगत आहे. तेथेही पाणी भरते. नदीकाठच्या झोपड्या हलल्या, नदीवरची धावपट्टी मात्र जागेवरच राहिली. धोका सर्वांना सारखाच असतो असे आपण म्हणतो, पण तो टाळण्याची किंमत कोणाकडून वसूल होते हे येथे दिसते.

हा प्रश्न केवळ भारताचा नाही. आफ्रिकेतील अनेक शहरे आज आपल्याहूनही वेगाने वाढत आहेत. टांझानियातील दार-एस-सलाम शहराची लोकसंख्या 2022 च्या जनगणनेत 50 लाखांच्या पुढे गेली. तेथील म्सिंबाझी नदीचे खोरे वारंवार बुडते आणि काठची वस्ती बहुतांशी अनधिकृत असल्यामुळे नकाशांवर ती धड नव्हतीच. 2015 मध्ये तेथे ‘रमानी हुरिया’ हा उपक्रम सुरू झाला. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ ‘खुला नकाशा’. विद्यापीठातील विद्यार्थी आणि वस्त्यांतील रहिवासी गल्लोगल्ली फिरले. घरे, पायवाटा, नाले, नाल्यांवरचे अडथळे त्यांनी नोंदवले, आणि पूर्वीच्या पुरांत पाणी कोठवर आले होते हे तेथे राहणाऱ्यांनाच विचारले. या नकाशांनी पूर थांबला नाही. नंतरही दार-एस-सलाममध्ये पूर आले. परंतु कोणता नाला आधी मोकळा करायचा आणि पाणी चढू लागले तर कोणत्या घरांना आधी सांगायचे, याचे उत्तर हाती आले. त्या माहितीसाठी फार मोठे यंत्र लागले नाही. ती माहिती लोकांपाशी होतीच. कोणी विचारले नव्हते, एवढेच.

ओरगडमच्या लोकांना तर यासाठी इतके दूर जाण्याचे कारण नाही. त्याच कांचीपुरम जिल्ह्यात उत्तिरमेरूर येथे दहाव्या शतकातील चोळ राजा पहिला परांतक याच्या काळचे शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्या कशा निवडाव्यात याचे नियम त्यांत कोरले आहेत. त्या समित्यांमध्ये ‘एरी वारियम’ म्हणजे तलावाची समिती होती. पात्र व्यक्तींची नावे ताडपत्रांवर लिहून घटात टाकायची आणि चिठ्ठ्या काढून सभासद नेमायचे. आधी एखाद्या समितीवर असून ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव घटात टाकता येत नसे. त्याच्या जवळच्या नातलगांनाही मज्जाव असे. ही व्यवस्था आदर्श होती असे मी म्हणणार नाही. जमीनधारक, वेदपठण केलेल्या पुरुषांपुरतीच ती होती. तरीसुद्धा एक गोष्ट तिला स्पष्ट होती, ती म्हणजे तलाव कोणाच्या जबाबदारीचा आहे. आज एकाच तलावाची पाळ एका खात्याकडे, पात्राची जमीन दुसऱ्याकडे, त्यात येणारे सांडपाणी तिसऱ्याकडे आणि काठावरची बांधकाम परवानगी चौथ्याकडे असते. आपल्या विदर्भातील माजी मालगुजारी तलावांचीही मालगुजारी संपल्यानंतर अशीच आबाळ झाली. तलाव शासनाचा झाला, म्हणजे गाळ काढणे कोणाचे काम ते कोणालाच ठाऊक राहिले नाही.

कारखाने नकोत असा याचा अर्थ कोणी काढू नये. ओरगडमने हजारो घरांत पगार पोहोचवला आहे आणि त्या पगारावर कित्येक बहिणी शिकल्या आहेत, कित्येक कर्जे फिटली आहेत. तलाव राखले तर उद्योगांना जागा कमी पडेल, हा आक्षेप मात्र मला पटत नाही. ज्या कारखान्यांना 2015 मध्ये पाण्यामुळे काम थांबवावे लागले आणि 2019 मध्ये ज्या शहराला पाण्याच्या टँकरांच्या रांगेत उभे राहावे लागले, त्यांना तलाव हा जमिनीचा अपव्यय वाटू नये. तमिळनाडूत तलावांच्या रक्षणासाठी आणि त्यांवरील अतिक्रमणे हटवण्यासाठी 2007 पासून स्वतंत्र कायदा आहे. लोकसहभागातून तलावांचा गाळ काढण्याची ‘कुडिमरामत्तु’ ही जुनी प्रथाही राज्याने 2017 च्या सुमारास योजना म्हणून पुन्हा सुरू केली. कायदा आहे, प्रथा आहे. उणीव आहे ती वेळ साधण्याची. भरलेल्या शहरातून नदीची जागा परत मिळवायची तर हजारो घरे मोडावी लागतात. वाढू लागलेल्या गावात तीच जागा नकाशावर एक रेघ ओढून राखता येते.

ओरगडमसाठी ती वेळ अजून पूर्णपणे निघून गेलेली नाही. 2022 मध्ये चेन्नई महानगर क्षेत्राची हद्द 1,189 चौरस किलोमीटरांवरून 5,904 चौरस किलोमीटरांपर्यंत वाढवण्यात आली. ओरगडम, श्रीपेरुंबुदूर आणि त्यांभोवतीचे असंख्य तलाव आता महानगराच्या हद्दीत आहेत. त्याच वर्षी कांचीपुरमजवळ परंदूर येथे नव्या विमानतळाची जागा जाहीर झाली. त्या जागेत शेते आहेत, गावे आहेत आणि तलावही आहेत. एकनापुरमचे ग्रामस्थ तेव्हापासून विरोध करीत आले आहेत. त्यांच्या म्हणण्यात घरादारांबरोबरच त्या तलावांचा उल्लेखही असतो.