तारावा: दोष ओहोटीचा नव्हता


गेल्या अंकातील पत्रात दुसऱ्या महायुद्धातल्या तारावाच्या लढाईतील अमेरिकी जीवितहानीचे खापर ओहोटीवर फोडले आहे. हे पटत नाही. तारावातील बेटिओ बेटाभोवतीच्या प्रवाळखडकांवर त्या दिवसांत पुरेसे पाणी नसेल, असा इशारा तिथे अनेक वर्षे राहिलेल्या मेजर फ्रँक हॉलंड यांनी आधीच दिला होता. तरीही धोका पत्करला गेला. २० नोव्हेंबर १९४३ रोजी सैनिकांना किनाऱ्यावर नेणाऱ्या हिगिन्स बोटी खडकांवर अडल्या आणि सैनिक छातीभर पाण्यातून, रायफली डोक्यावर धरून, मशीनगनच्या माऱ्यात शेकडो मीटर चालत गेले.

शिवाय पत्रलेखकांनी जपानी बाजूचे सगळे मृत सैनिकच ठरवले. तटबंदी बांधायला जपान्यांनी आणलेल्या सुमारे १,२०० कोरियन मजुरांपैकी १२९ वाचले. बाकीच्यांचा साधा उल्लेखही नसावा, याचे फार वाईट वाटले.

— एक वाचक, सातारा