कोळसा गेला, डिझेल गेलं, वीज आली. शिरढोणकरांच्या गाडीचं काय?

शिरढोण (ता. पनवेल) : मुंबई-गोवा महामार्गावर पळस्पे सोडलं की कर्नाळ्याच्या अलीकडे शिरढोण लागतं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं हे जन्मगाव. फडक्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८४५ चा. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी देशातली पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा ते सात वर्षांचे होते. पुढे मुंबईत त्यांनी काही काळ जीआयपी रेल्वेच्या कचेरीत नोकरीही केली. म्हणजे शिरढोणच्या माणसाचा रेल्वेशी संबंध दीडशे वर्षांहून जुना. तरीही आज गावातल्या कुणाला कामावर, कॉलेजला किंवा दवाखान्यात जायचं तर आधी रस्त्यानं पनवेल गाठायचं आणि मग लोकल पकडायची, हाच शिरस्ता आहे.

याच परिसरातून पनवेल-रोहा रेल्वेमार्ग जातो. पनवेलनंतर सोमाटणे, रसायनी, आपटा अशी स्टेशनं आहेत. पण तिथं थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. कोकणात आणि त्यापुढे जाणाऱ्या गाड्या न थांबता निघून जातात. गावकऱ्यांनी थांबा मागितला की उत्तर ठरलेलं असतं : थांबा दिला तर वेळ जातो, मार्गावर गर्दी आहे, प्रवासी पुरेसे नाहीत. या उत्तरात किती तथ्य आहे हे तपासायचं असेल, तर वाफेचं इंजिन गेल्यानंतर रेल्वेत नेमकं काय बदललं ते पाहावं लागेल.

थांबणं ही इंजिनाची गरज होती

वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागायचं. ठरावीक अंतरावर पाणी भरायचं, आगीतली राख काढायची, पुढच्या मोठ्या स्टेशनात इंजिनच बदलायचं, हा रोजचा क्रम होता. कोळशातली जेमतेम सात-आठ टक्के उष्णता गाडी ओढायच्या कामी यायची, बाकीची धुरातून आणि वाफेतून जायची. त्यामुळे गाड्या थांबत, आणि जिथं गाडी थांबे तिथं पाण्याची टाकी, कर्मचाऱ्यांची चाळ, चहाची टपरी, टांगा, बाजार उभा राही. मनमाड, इगतपुरी, भुसावळ ही गावं अशीच वाढली.

आपल्या जिल्ह्यातलं उदाहरण कर्जतचं. बोरघाट चढायचा तर गाडीला मागून जोर द्यायला बँकर इंजिन जोडावं लागतं. ते जोडेपर्यंत गाडी उभी, आणि त्या थांब्यावर कर्जतचा बटाटावडा नावाला आला. आता बघा, १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झालेली मुंबई-सोलापूर वंदे भारत बँकरशिवाय घाट चढते. तांत्रिक गरज संपली की थांब्याचा आधारच जातो, याचं याहून जवळचं उदाहरण नाही.

पन्नास वर्षांत जाळंच पालटलं

रेल्वेचे आकडे बोलके आहेत. १९५०-५१ मध्ये देशात वाफेची ८,१२० इंजिनं होती. डिझेलची १७ आणि विजेची ७२. वाफेच्या इंजिनांचा आकडा त्यानंतरही वाढत गेला आणि १९६०-६१ ला दहा हजारांवर पोहोचला. पण १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यातून डिझेल इंजिनं बाहेर पडू लागली आणि चित्र फिरलं. चित्तरंजनच्या कारखान्यानं १९७० मध्ये ब्रॉडगेजवरचं शेवटचं वाफेचं इंजिन बांधलं, त्याचं नावच ‘अंतिम सितारा’ ठेवलं. १९९०-९१ ला वाफेची इंजिनं २,९१५ वर आली, तर डिझेलची ३,७५९ झाली. ६ डिसेंबर १९९५ ला जालंधर-फिरोजपूर मार्गावर ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी शेवटची धावली.

विजेची सुरुवात मात्र आपल्या दारातली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची गाडी हार्बर मार्गावर धावली. तोच मार्ग १९९८ मध्ये पनवेलपर्यंत आला. त्या काळची १,५०० व्होल्टची जुनी वीजपद्धत हार्बर मार्गावर २०१६ पर्यंत टिकली, तेव्हा कुठे २५ हजार व्होल्टची पद्धत सगळीकडे आली.

बदल फक्त इंजिनाचा नव्हता. लाकडी स्लीपर जाऊन काँक्रीटचे आले. पाटीचे सिग्नल जाऊन रंगीत दिवे आले. एकेरी मार्गावर ड्रायव्हरच्या हातात लोखंडी गोळा दिल्याशिवाय गाडी सुटत नसे, ते काम आता यंत्रणा करते. फायरमन हे पद गेलं. १९९०-९१ च्या सुमारास साडेसोळा लाखांच्या आसपास असलेले कर्मचारी आता बारा लाखांच्या घरात आले आहेत. गाड्या वाढल्या, माणसं कमी झाली. लहान स्टेशनावर हे सगळ्यात आधी जाणवतं.

कोकणात रेल्वे आली तीच उशिरा

वाफेच्या काळाचा फायदा आजच्या रायगडाला फारसा झालाच नाही. कर्जत-खोपोलीपर्यंत रूळ १८५६ मध्ये आले, १९०७ मध्ये नेरळ-माथेरानची छोटी गाडी आली. बाकीचा कुलाबा जिल्हा बंदरावर, लाँचवर आणि नंतर एसटीवर चालला. पनवेलला रेल्वे दिव्याहून आली ती १९६० च्या दशकात, म्हणजे वाफेच्या इंजिनाचे दिवस भरत आले तेव्हा. मार्ग आपट्यापर्यंत गेला, पुढे ऐंशीच्या दशकात पेण आणि रोहा जोडलं गेलं. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, तीही डिझेलवर.

म्हणजे देशात इतरत्र गावं स्टेशनाभोवती वाढली, इथं गावं आधीच रस्त्याला वसलेली होती आणि रूळ नंतर आले, तेही शक्य तितक्या सरळ रेषेत. शिरढोणसारख्या गावाचं बस, रिक्षा आणि दुचाकीवरचं अवलंबित्व इथून सुरू होतं. महामार्गावर कोंडी झाली की गावाचा दिवस फुकट जातो, याचं मूळही इथंच आहे.

मालधक्का गावाच्या हातून गेला

प्रवाशांपेक्षा मालाच्या बाबतीत झालेला बदल मोठा, पण त्याची चर्चा होत नाही. पूर्वी लहान व्यापारी जवळच्या स्टेशनात एखादी वाघीण भरून माल पाठवू शके. ती वाघीण इतर वाघिणींबरोबर जोडली जाई, वाटेत सुटी केली जाई. यात वेळ फार जायचा, वाघिणी यार्डात अडकून पडायच्या. म्हणून ऐंशीच्या दशकापासून रेल्वेनं पूर्ण गाडीभर माल असेल तरच घ्यायचा, असं धोरण धरलं. एकाच ठिकाणी भरायची, एकाच ठिकाणी रिकामी करायची.

रेल्वेच्या दृष्टीनं हे शहाणपणाचं ठरलं. १९५०-५१ ला वर्षाला ७.३ कोटी टन महसुली माल वाहणारी रेल्वे २०२३-२४ ला सुमारे १५९ कोटी टनांवर गेली. पण पूर्ण गाडी भरणं जमतं ते कोळसा, सिमेंट, पोलाद, खत आणि कंटेनरवाल्यांना. भात, भाजी किंवा विटांच्या छोट्या व्यापाऱ्याला ते शक्य नाही. त्याचा माल ट्रकवर गेला. गंमत म्हणजे इंजिनातून उतरलेला कोळसा वाघिणीतून मात्र उतरलेला नाही. रेल्वेच्या एकूण मालात निम्म्याच्या आसपास आजही कोळसाच असतो, आणि विजेच्या गाडीला लागणारी वीजही मोठ्या प्रमाणात त्याच कोळशातून येते.

वीज आली, गाडी का नाही आली?

२० जून २०२२ रोजी रोहा ते ठोकूर या कोकण रेल्वेच्या संपूर्ण विद्युतीकरणाचं लोकार्पण झालं. २०२३ मध्ये मध्य रेल्वेचं सगळं ब्रॉडगेज जाळं विजेखाली आलं. पनवेल-रोहा मार्ग त्याआधीच दुहेरी झाला होता. आता खरा मुद्दा येतो.

वाफेची किंवा डिझेलची गाडी एकच इंजिन ओढतं. ती थांबली की पुन्हा वेग घ्यायला वेळ लागतो. मेमूचं तसं नाही. तिच्या मोटारी गाडीभर विभागलेल्या असतात, त्यामुळे ती चटकन थांबते आणि चटकन पळते. थांबणं ज्या तंत्रात सगळ्यात स्वस्त, ते हेच. म्हणजे विद्युतीकरणानंतर सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर अशा स्टेशनांवरच्या गाड्या वाढायला हव्या होत्या. लांब पल्ल्याच्या गाडीला लहान स्टेशनात थांबा देणं परवडत नाही, हे म्हणणं मान्य. पण तेच कारण मेमूच्या फेऱ्या न वाढवण्यासाठी लागू पडत नाही.

उलट कोकणच्या सामान्य प्रवाशाला मागं ढकलल्याचा अनुभव ताजा आहे. दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर कोरोनानंतर दिव्यावर आणून ठेवली गेली. त्याच काळात पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचं किमान ३० रुपये भाडं लागलं. ते पुन्हा १० रुपये व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. पनवेलहून दोन-तीन स्टेशनं जाणाऱ्या माणसाला हा फरक रोजच्या रोज खिशातून द्यावा लागला.

रेल्वेची बाजूही आहे

पनवेल हे आता साधं स्टेशन राहिलेलं नाही. दिवा, कर्जत, रोहा, हार्बर आणि जेएनपीटी अशा पाच दिशांची वाहतूक तिथं येऊन मिळते. बंदराचे कंटेनर, कोकणच्या गाड्या आणि लोकल यांची वेळ जुळवणं सोपं नाही. जेएनपीटी ते दादरी हा १,५०६ किलोमीटरचा स्वतंत्र मालवाहू मार्ग याच कारणासाठी आखला गेला. त्याचा जेएनपीटीकडचा टप्पाच सगळ्यात मागं राहिला. बंदराचा माल तिकडे वळला की दिवा-पनवेल पट्ट्यावर प्रवासी गाड्यांना जागा मिळायला हवी. पण मोकळी झालेली जागा कुणाला द्यायची, हे आपोआप ठरत नाही. पाठपुरावा करणाऱ्याला ती मिळते.

पनवेल-कर्जत उपनगरी मार्गातून हेच दिसतं. सुमारे २९.६ किलोमीटरच्या या मार्गावर पनवेल, चिखले, मोहोपे, चौक आणि कर्जत ही स्टेशनं आहेत. मुदती पुढे सरकत आल्या, तरी तालुक्याच्या त्या बाजूच्या गावांना लोकल मिळायची वाट मोकळी झाली. दक्षिणेकडच्या शिरढोण, रसायनी, आपटा या बाजूसाठी अशी आखणी अजून झालेली नाही. इथं नव्या रुळांचा खर्च नाही, तारा आहेत, स्टेशनं आहेत. हव्या आहेत त्या मेमूच्या गाड्या आणि वेळापत्रकातली जागा.

मागणी नेमकी कशाची?

गेली अनेक वर्षं ‘अमुक एक्स्प्रेसला थांबा द्या’ अशी निवेदनं दिली जातात. ती बहुतेक वेळा फेटाळली जातात, आणि रेल्वेला ती फेटाळणं सोपंही जातं. त्याऐवजी ग्रामपंचायतींनी एकत्र येऊन सकाळ-संध्याकाळच्या ठरावीक वेळेला पनवेल-पेण-रोहा मेमू मागितली, रसायनीच्या कारखान्यांच्या पाळ्या आणि कॉलेजच्या वेळा सोबत जोडल्या, गावातून स्टेशनापर्यंत रिक्षा-बसची सोय ग्रामपंचायत पाहील असं लिहून दिलं, तर ‘प्रवासी नाहीत’ हे उत्तर टिकणार नाही. दिवसभरात चार गाड्या असलेल्या स्टेशनावर तिकीट कमी खपणारच. ते कारण नसून परिणाम आहे.

वाफेच्या काळात गाडी कुठं थांबायची हे बरंचसं इंजिनाच्या टाकीतलं पाणी ठरवायचं. आता ते वेळापत्रक करणारे अधिकारी ठरवतात, आणि त्यांच्याकडे निवेदन देता येतं.