रिचार्ज आपला, नंबरही आपलाच!

मैत्रिणींनो, आमच्या नंदनवनात शेजारची एक मुलगी इंजिनीअरिंगला आहे. परवा म्हणाली, "काकू, मी मोबाइल रिचार्जचं अ‍ॅप बनवतेय. बायकांना त्यात काय हवं असतं?" मी तिला सरळ बचत गटाच्या बैठकीतच नेलं.

तिने आधी समजावून सांगितलं. असं अ‍ॅप टॉकटाइम किंवा डेटा स्वतः तयार करत नाही. आपण पैसे भरले की ते मोबाइल कंपनीकडे मागणी पाठवतं आणि थोडं कमिशन मिळवतं. म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार करतो तेच!

मग फरक काय? गटातली एक ताई पटकन बोलली, "दुकानात नंबर सांगाचा म्हणजे जिवावर येते. मागं उभे असलेले ऐकतात नं!" ही भीती उगीचची नाही. उत्तर प्रदेशात रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या 2017 साली आल्या होत्या. 2018 मध्ये व्होडाफोनने 'सखी' ही सोय काढली. त्यात दुकानदाराला नंबर न सांगता फोनवर आलेला कोड सांगायचा. अ‍ॅपमुळे दुकानाची पायरी टळते खरी. पण अ‍ॅपच आपल्या फोनमधले सगळे नंबर, फोटो बघायची परवानगी मागत असेल, तर ते चारचौघांत नंबर सांगण्यापेक्षा वाईट. रिचार्जला त्याची गरजच काय?

दुसरी म्हणाली, "पैसे तं कटले, पण रिचार्ज आलाच नाही. आता विचारू कोणाले?" यूपीआयने पैसे भरताना खात्यातून रक्कम गेली, पण दुकानदाराला किंवा अ‍ॅपला ती मिळाल्याची खात्री झाली नाही, तर 5 दिवसांत ती परत यावी, उशीर झाल्यास दिवसाला 100 रुपये भरपाई मिळावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 पासूनचा नियम आहे. पैसे अ‍ॅपकडे पोचले आणि रिचार्ज मात्र अडकला, तर ते परत करणं अ‍ॅपवाल्याचं काम. तक्रारीचा फोन नंबर त्याने मराठीत, ठळक द्यायला हवा.

तिसरा मुद्दा हिशेबाचा. 28 दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज! ज्या सासूबाईंना फक्त बोलायचं आहे, त्यांनी डेटाचे पैसे का भरावेत? नुसत्या कॉल व एसएमएसचेही पॅक द्या, असं ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना बजावलं. तो पॅक अ‍ॅपमध्ये तळाशी लपवू नये, एवढंच आमचं मागणं.

मुलीने सगळं वहीत उतरवून घेतलं. जाताना म्हणाली, "हे कॉलेजात कोणी सांगितलंच नसतं."

घरखर्चाचा पै न् पै जिच्या हातून जातो, तिला विचारल्याशिवाय अशा वस्तू बनतात, इथेच चुकतं. म्हणून सख्यांनो, आपणही गप्प बसायचं नाही. अ‍ॅप परवानगी मागेल तेव्हा 'कशाला?' असं विचारा, पावती जपून ठेवा, आणि फसवणूक झालीच तर लाजत न बसता लगेच 1930 वर फोन करा. पैसे आपले आहेत, मग प्रश्न विचारायचा हक्कही आपलाच!