एकशेदहा मीटर जमीन

फिनलंडमधील युवास्कुला येथे २२ मे २०२४ रोजी तेजस शिरसे ह्या मराठवाड्यातील तरुणाने ११० मीटर अडथळ्यांची शर्यत १३.४१ सेकंदांत पूर्ण केली आणि मुंबईच्या सिद्धांत थिंगालयाचा २०१७ मधील १३.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. पॅरिस ऑलिंपिकसाठी थेट पात्रतेची वेळ १३.२७ होती; ती मात्र १४ शतांश सेकंदांनी हुकली. अभिनंदनाचे ठराव झाले की आपल्याकडे असा विषय संपतो. वस्तुतः तो तेथून सुरू व्हावयास हवा.

ह्या शर्यतीचे अर्थशास्त्र इतर शर्यतींहून वेगळे आहे. दहा अडथळे, प्रत्येकाची उंची १०६.७ सेंटिमीटर. पहिला १३.७२ मीटरवर, पुढे दर ९.१४ मीटरवर एक, आणि दोहोंच्या मधे फक्त तीन पावले. ही तीन पावले हजारो वेळा घोटून अंगवळणी पाडावी लागतात. त्यासाठी सरळ व सारख्या पृष्ठभागाची कृत्रिम धावपट्टी हवी, वयोगटानुसार उंची बदलता येणारे अडथळे हवेत आणि चूक तत्क्षणी ओळखणारा मार्गदर्शक हवा. बीड जिल्ह्यातील मांडव्याचा शेतकरीपुत्र अविनाश साबळे ह्यालाही स्टीपलचेसचे अडथळे व पाण्याचा खड्डा लष्करात गेल्यावरच भेटला; तथापि धावण्याची मूळ ताकद त्याने गावच्या वाटेवर कमावली होती. ११० मीटरच्या अडथळ्यांत तेवढीही सवलत नाही. येथे आधी भांडवल, मग गुणवत्ता.

लालबाग-परळने कबड्डीपटू घडवले ते ह्याच कारणाने. चाळीच्या पटांगणात कबड्डीचे मैदान आखता येते आणि खेळायला फक्त माणसे लागतात. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिराचा मल्लखांब आहे, क्रिकेट तर आहेच. धावपट्टी मात्र प्रियदर्शिनी पार्कमध्ये, म्हणजे नेपियन सी रोडवर! काळाचौकीच्या मुलाने शाळा सांभाळून तेथे रोज जावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी एकदा तो प्रवास स्वतः करून पाहावा.

जागा नव्हती, असे कोणी म्हणू नये. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या, तेव्हा गिरणगावात शेकडो एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे पुनर्विकासात सुमारे एक तृतीयांश जमीन उद्याने व क्रीडांगणे ह्यांसाठी महापालिकेकडे यावयाची होती. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा इमारतींखालील जमिनीवरून उठवून मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरता आकुंचित केला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली. खाजगी मालकांचे एक वेळ सोडून देऊ. दादरची कोहिनूर गिरणी तर राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची, म्हणजे जनतेच्या मालकीची होती. ती २००५ मध्ये ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. एकशेदहा मीटरची सरळ रेघ तेथे कुणाच्या हिशेबातच नव्हती.

परिणाम दिसतोच आहे. थिंगालयाने आपला विक्रम अमेरिकेत, ॲरिझोनातील फिनिक्स येथे केला. शिरसे घडला तो भुवनेश्वरला, ओडिशा सरकार व रिलायन्स फाउंडेशन ह्यांच्या केंद्रात, जेम्स हिलियर ह्या ब्रिटिश प्रशिक्षकाच्या हाताखाली. उद्योगपतींच्या पैशाने खेळाडू घडतो म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. ओडिशाने सार्वजनिक पैसा लावला हेही विसरू नये. परंतु अशी केंद्रे निवड करतात ती आधीच चमकलेल्यांची. चमकण्यापूर्वीची पाच-सहा वर्षे कोणाच्या मैदानावर काढायची, ह्याचे उत्तर त्यांच्याकडे नाही. ते देणे त्यांचे कामही नव्हे.

नायजेरियातही हेच घडले. इजेबू-ओडे येथील शिक्षक दाम्पत्याची मुलगी तोबी अमुसन हिने २०१५ मध्ये आफ्रिकी क्रीडास्पर्धेत अडथळ्यांच्या शर्यतीचे सुवर्णपदक जिंकले, मग ती टेक्सासच्या एल पासो विद्यापीठात गेली, आणि २०२२ मध्ये तिने १०० मीटर अडथळ्यांत १२.१२ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. विद्यापीठाची धावपट्टी तिच्या वाट्याला आली, पण ती परदेशात.

परळ-लालबागमधील कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागातील महापालिका शाळांची मैदाने एकदा फीत घेऊन मोजावीत. कोणत्या शाळेत ११० मीटर सरळ आणि पुढे थांबण्यापुरती जागा मिळते, कोठे वाहनतळ झाला आहे, कोणते मैदान मंडपवाल्याकडे आहे, ह्याची यादी वॉर्ड ऑफिसात नेता येईल. अडथळ्यांचा संच त्यानंतर मागावा.