समन्वयाला मालक नको, नियम हवा

महाराष्ट्राच्या नियोजनाचा सगळा घोळ यंत्रणांच्या संख्येत आहे, असे एका विद्वानांनी नुकतेच ठासून सांगितले आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: एमएमआरडीए, सिडको, पीएमआरडीए, एमआयडीसी, रस्ते विकास महामंडळ, पालिका, जिल्हा नियोजन समित्या, पाटबंधारे महामंडळे, प्रत्येकाचा नकाशा वेगळा आणि तोरा वेगळा. तेव्हा या सगळ्यांना गुंडाळा, राज्यभरासाठी एकच प्रबळ प्राधिकरण नेमा, त्यावर एक कर्तबगार अधिकारी बसवा आणि समन्वय नावाची चहा-बिस्किटांची करमणूक कायमची बंद करा. समन्वय बैठकांवरचा त्यांचा राग रास्त आहे. इतिवृत्तात ‘संबंधितांनी तातडीने कार्यवाही करावी’ असे लिहायचे आणि संबंधित कोण ते मात्र लिहायचे नाही, ही कला आपल्या प्रशासनाने कळसाला नेली आहे. पण रोगाचे वर्णन जमले म्हणून औषध बरोबर ठरत नाही. आणि हे औषध तर नवेही नाही. त्याचा एक मोठा डोस या राज्याने पन्नास वर्षांपूर्वीच घेतला आहे.

मुंबईचेच पाहा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 चा. त्याखाली 1967 मध्ये मुंबई प्रदेशासाठी नियोजन मंडळ नेमले गेले आणि त्याने केलेली प्रादेशिक योजना 1973 मध्ये मंजूर झाली. योजना कागदावर राहू नये, अनेक पालिका आणि महामंडळे एका दिशेने चालावीत, म्हणून 1974 चा कायदा आला आणि 1975 मध्ये आज आपण ज्याला एमएमआरडीए म्हणतो ते प्राधिकरण उभे राहिले. त्याने पाहावे, जोडावे, देखरेख करावी, ही मूळ अपेक्षा. पुढे 1977 मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तेच विशेष नियोजन प्राधिकरण झाले. हाती जमीन आली, जमिनीने पैसा दिला, पैशाने उड्डाणपूल दिले, मग मोनोरेल, मग मेट्रो. यातली काही कामे उपयोगाची आहेत, हे नाकारण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे: पंचच बॅट घेऊन खेळपट्टीवर उतरला, तर पायचीतचा निर्णय कोणी द्यायचा? ज्याने इतरांच्या प्रकल्पांची सांगड घालायची, त्याचेच प्रकल्प इतरांच्या प्रकल्पांशी जुळवायची वेळ आली. आणि एकछत्री कारभार म्हणावा, तर तोही झाला नाही. भुयारी मेट्रोसाठी वेगळी कंपनी, इतर मार्ग चालवायला आणखी एक, नवी मुंबईची मेट्रो सिडकोची. एक समन्वयक नेमला की त्याच्या पोटी चार यंत्रणा जन्म घेतात आणि त्यांच्या समन्वयासाठी पुन्हा कोणीतरी लागते. बरे, निदान नियोजन तरी वेळेत व्हावे! 1999 मध्ये मंजूर झालेल्या प्रादेशिक योजनेची मुदत 2011 पर्यंतची होती. पुढची योजना मंजूर व्हायला 2021 उजाडले. मधली दहा वर्षे ठाणे, कल्याण, वसई, पनवेल काही थांबून राहिले नव्हते. इमारती उभ्या राहत होत्या, नाले बुजत होते आणि मुदत संपलेला नकाशा सगळ्यांवर लक्ष ठेवून होता. राज्यातले सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत जुने महानगर प्राधिकरण असलेल्या प्रदेशातली ही कथा. तरी विद्वानांना हवे आहे याच वाणाचे, फक्त राज्याएवढे.

त्यांचा हुकमाचा एक्का पुण्याचा. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल मेट्रोसाठी 2020 मध्ये पाडावा लागला. शहराभोवती एक रिंगरोड रस्ते विकास महामंडळाचा, दुसरा पीएमआरडीएचा. दाखला खरा, निष्कर्ष लंगडा. ज्या मार्गासाठी पूल पाडला, तो हिंजवडीचा मेट्रो मार्ग पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे प्रदेशाला एक छत्र मिळावे म्हणून 2015 मध्ये नेमलेल्या संस्थेचाच. त्याच संस्थेचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला आणि 2025 मध्ये सरकारने तो रद्द केला. एवढी वर्षे, एवढ्या हरकती, एवढ्या सुनावण्या, आणि हाती शून्य! शिवाय सिडको, एमएमआरडीए, पीएमआरडीए हे सगळे शेवटी नगरविकास खात्याच्याच अखत्यारीत येतात. एक वरिष्ठ असल्याने लोक एकमेकांशी बोलू लागले असते, तर हा प्रश्न मंत्रालयाच्या एका मजल्यावरच सुटला असता.

बाकीचे मुद्दे ओळीभरात उरकता येतात. राज्याच्या बहुतेक भागासाठी 2020 मध्ये बांधकामाची एकच नियमावली आली, हे चांगलेच झाले. पण मजले किती चढवायचे याचे नियम एक झाले म्हणून धरण, रस्ता आणि वसाहत कुठे हवी याचा विचार एक होत नाही. गडचिरोली आणि भिवंडी एकाच कार्यालयातून हाकता येतात, यावर ज्यांचा विश्वास आहे त्यांना नकाशा भेट द्यावा. आणि राज्यघटनेने महानगर नियोजन समितीत किमान दोनतृतीयांश सदस्य पालिका आणि पंचायतींतून निवडून आलेले असावेत असे सांगितले आहे, ते या मंडळींच्या वाचनातून दर वेळी कसे सुटते कोण जाणे. वेगळी यंत्रणा दिसली की फाटाफूटच पाहायची, हा चष्मा जुनाच आहे. घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी विकास मंडळे आली, तेव्हाही ‘यामुळे राज्याचे तुकडे पडतील’ अशी ओरड झाली होती. 2020 मध्ये त्या मंडळांची मुदत संपली. तुकडे काही पडले नाहीत. मात्र अनुशेषाचा हिशेब मागण्याची एक जागा गेली, आणि तेव्हा ओरडणारे या वेळी गप्प होते.

मग करायचे काय? उत्तर गोदावरीच्या खोऱ्यात आहे. नाशिक-नगरची वरची धरणे आणि खालचे जायकवाडी 1998 पासून एकाच पाटबंधारे महामंडळाच्या छत्राखाली आहेत. छत्राने भांडण मिटले नाही. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटपाचे तत्त्व घातले आणि त्याखालच्या 2014 च्या आदेशाने आकडा आणि तारीख दिली: 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा, खरिपाचा वापर धरून, 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचे. 2018 आणि 2023 मध्ये ते सुटलेही. आंदोलने होतात, न्यायालयात खेटे होतात, आकड्यावर वाद आहे, हा आक्षेप येणारच. येऊ द्या. आकड्यावरचे भांडण मिटवता येते. मर्जीवरचे मिटत नाही. नियोजन यंत्रणांनाही हेच लागू करावे. पाइपलाइनी, रस्ते, आरक्षणे यांचा एक सामाईक नकाशा असावा आणि त्यात नसलेल्या कामाला निधी मिळू नये. हद्दीजवळच्या प्रत्येक प्रकल्पावर शेजारच्या यंत्रणेचे मत ठरलेल्या मुदतीत लेखी घ्यावे, मतभेद असल्यास कारणांसह जाहीर करावा. आणि निवाडा निवडून आलेल्या नियोजन समितीने उघड्या बैठकीत करावा. तिथेही राजकारण होईल, हे खरे. पण बंद दाराआडचे राजकारण जास्त पवित्र असते, असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही.

राज्याला आणखी एक महाप्राधिकरण मिळाले तर त्याची इमारत देखणी होईल, बोधचिन्ह ठरेल, अध्यक्षाला गाडी मिळेल, आणि शेजारच्या यंत्रणेशी पत्रव्यवहार आजच्यासारखाच चालू राहील. तेव्हा नवे प्राधिकरण मागणाऱ्याला वाचकांनी एवढेच विचारावे: आहेत त्या यंत्रणांवर तुम्ही कोणता नियम, कोणत्या तारखेपासून बंधनकारक करणार? याचे उत्तर नसेल, तर त्यांच्या योजनेत खुर्चीपलीकडे काही नाही.