ऑटोवर ठेवलेलं शिवार

हरभऱ्याच्या पाण्याचे दिवस आले की इस्लापूरच्या रस्त्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दोरखंडानं आवळलेली जळकी डीपी दिसते. कागदावर ती रोहित्र, शिवारात डीपीच. शेजारी तिला धरून बसलेले दोघं-तिघं, डिझेलची वर्गणी झालेली, पत्र्यावर तेलाचा ओघळ. परवा टपरीपाशी अशीच एक ट्रॉली थांबली होती. ‘लोडनं गेली,’ एक जण म्हणाला. खरं आहे, पण अर्धंच.

हिशेब करून बघू. ६३ केव्हीएची डीपी दर फेजला साधारण ८४ अँपिअर देते. पाच एचपीची मोटर चालताना आठेक अँपिअर घेते. म्हणजे दहा मोटारी. त्यावर चोरीचे आकडे पडतात, ते कुणी मोजत नाही. तरी थंडीच्या रात्री थोडा जादा भार डीपी सोसते. तिचा घात होतो लाईट येते त्या क्षणी. थांबलेली मोटर उठताना पाच-सहा पट करंट ओढते. एकेक करून उठल्या तर बिघडत नाही. पण स्टार्टरला लाईट येताच मोटर आपोआप चालू करणारा ऑटोस्विच असतो, आणि दहाच्या दहा मोटारी एका दमात उठतात. ८४ अँपिअरच्या डीपीकडे चारशे-पाचशेची मागणी! व्होल्टेज कोसळतं, त्यामुळे मोटारी वेग घ्यायला आणखी वेळ लावतात, आणि तेवढा वेळ तो करंट वाहत राहतो. इथं फ्यूजनं जायचं असतं. पण फ्यूजच्या किटकॅटमध्ये ॲल्युमिनियमच्या तारेचे पदर पिळून बसवलेले. फ्यूज शाबूत, वाइंडिंग खाक.

‘ऑटोस्विच काढा, कपॅसिटर बसवा’ असं आवाहन महावितरण करत असतं. कपॅसिटरबद्दल माझं दुमत नाही. पॉवर फॅक्टर ०.७५ वरून ०.९ वर आला तर तेवढ्याच कामाला करंट सुमारे सहाव्या हिश्शानं कमी लागतो, आणि तारेतली तूट करंटच्या वर्गानं चालत असल्यानं ती जवळपास तिसऱ्या हिश्शानं घटते. इतक्या स्वस्तात दुसरा फायदा नाही. (वायर तोडून नुसता खिळ्याला टांगलेला कपॅसिटर मात्र मी बराच पाहिला आहे.)

ऑटोस्विचचं तसं नाही. शेतीची थ्री फेज लाईट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. किनवट तालुक्यात शिवाराला लागूनच सागाचं रान. रात्री दोनला बांधावरून मोटर चालू करायला जा, असं सांगणाऱ्यानं एकदा पायात चप्पल घालून जाऊन दाखवावं. शेतकऱ्यानं वेळापत्रकाच्या त्रासावर काढलेला हा उपाय आहे. वेळापत्रक तसंच ठेवून फक्त उपाय काढून घ्यायचा, हे मला पटत नाही.

दुसरं दुखणं लघुदाबाच्या लांब तारेचं. ते जुनं आहे. एडिसननं १८८२ साली न्यूयॉर्कला ११० व्होल्टवर वीज वाटली, तेव्हा मैलभराच्या पलीकडे ती पोचवणं परवडेना. आपल्याकडे डीपीपासून शेवटच्या विहिरीपर्यंत खांबामागून खांब जातात, वाटेत व्होल्टेज गळतं आणि टोकाच्या मोटारीला पाणी चढत नाही. २०१८ साली राज्यात उच्चदाब वितरण प्रणाली आली, ती याच दुखण्यावर: ११ केव्हीची तार थेट शेतापर्यंत, आणि एक-दोन पंपांना एक छोटं रोहित्र. आकडा टाकायला जागाच उरत नाही, आणि डीपी ‘आपली’ असली की किटकॅटमध्ये जाड तार घालताना हात थबकतो. महाग आहे, कबूल. पण एक डीपी हंगामात दोनदा वाहून नेण्याचा खर्चही कुणीतरी मांडावा.

त्याच्याही आधी हवी ती दिवसाची लाईट. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची; २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारून शेतीचा फीडर दिवसा चालवायचा, इतकी साधी कल्पना. २०२४ मध्ये साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचं बिल माफ झालं, त्याचा गाजावाजा जास्त झाला. बिलमाफीनं रात्रपाळी टळत नाही. मला विचाराल तर क्रम उलटा हवा होता.

ट्रॉलीवरच्या माणसाला मी विचारलं, ‘नवी डीपी आली की ऑटो काढणार का?’

‘म्या काढतो की साहेब,’ तो म्हणाला. ‘पण शेजारच्यानं नाही काढला तर? त्याचं रान भिजंल अन् माझं तसंच राहील.’

मग ट्रॅक्टर सुरू झाला.

— शिवारकर